पळणारी मुले आणि पळवणारी माणसे

दिवाळीच्या अगोदरची गोष्ट आहे. सकाळच्या गर्दीत एक गृहस्थ सातवीतल्या मुलीला घेऊन दवाखान्यात आले. तालुक्याच्या गावाकडचे शेतकरी, मुलीच्या सरावासाठी परभणीत भाड्याची खोली घेऊन राहिलेले. मुलगी लंगडत होती. उजव्या गुडघ्याच्या खाली, नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला सुपारीएवढा उंचवटा आला होता आणि त्याला बोट लावताच ती कळवळली. मी काही विचारण्याच्या आतच वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एखादं इंजेक्शन मारा, पण पोरगी रविवारी पळाली पाहिजे. स्पर्धा आहे."

मी इंजेक्शन दिले नाही. त्यामुळे त्या वेळी त्यांचा माझ्यावर राग झाला, आणि तो मला समजतोही. परंतु तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळत आहे. आता शाळांच्या परीक्षा संपतील, गावोगाव उन्हाळी क्रीडा शिबिरांचे फलक लागतील आणि पालक अर्ज भरायला निघतील. त्याआधी चार शब्द सांगावेत म्हणून आजचा लेख.

प्रथम हे स्पष्ट करतो की मी खेळाच्या विरोधात नाही. उलट, दिवसभर मोबाईल घेऊन लोळणारी मुले रोज पाहत असल्याने मैदानावर घाम गाळणारे मूल दिसले की मला आनंदच होतो. पहाटे कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर फिरायला गेले की पळणाऱ्या मुलांचे थवे दिसतात. त्यांतील मोठी मुले पोलीस किंवा सैन्य भरतीची तयारी करीत असतात. त्यांची गोष्ट वेगळी. ती अठरा-वीस वर्षांची आहेत, त्यांची हाडे पक्की झालेली आहेत. माझी काळजी आहे ती त्यांच्या मागे पळणाऱ्या आठ ते चौदा वर्षांच्या मुलामुलींची. त्यांच्याही शेजारून मोटारसायकलीवर कोणीतरी जात असतो आणि त्याच्या हातात घड्याळ असते. पूर्वी स्टॉपवॉच फक्त पी.टी.च्या सरांकडे असे. आता ते प्रत्येक बापाच्या मोबाईलमध्ये आले आहे.

त्या मुलीला झालेला त्रास काही दुर्मिळ नाही. ऑसगुड नावाच्या अमेरिकन व श्लाटर नावाच्या स्विस डॉक्टरने १९०३ साली स्वतंत्रपणे त्याचे वर्णन केले आणि आजही तो त्या दोघांच्या नावाने ओळखला जातो. मुलांची हाडे म्हणजे मोठ्यांच्या हाडांची लहान आवृत्ती नव्हे. हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चेची एक पट्टी असते. तिथे नवे हाड तयार होते आणि उंची वाढते. उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींमध्ये साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास व मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो. त्या काळात हाड भराभर लांब होते, स्नायू मात्र तितक्या वेगाने लांबत नाहीत, त्यामुळे ते ताणले जातात. मांडीचा मोठा स्नायू वाटीमार्गे नडगीला जिथे येऊन चिकटतो ती जागाही अजून कूर्चेचीच असते. पळताना, उडी मारताना तो स्नायू दर पावलाला त्या मऊ जागेला ओढतो. रोज, दोन वेळा, हजारो पावले. शेवटी जागा सुजते, दुखते, उंचवटा येतो. टाचेचेही असेच होते. आठ ते तेरा वर्षांची मुले टाच दुखते म्हणून सांगतात आणि आपण बूट बदलून देतो.

या दुखण्यात घाबरण्यासारखे फारसे नसते. सराव कमी केला, बर्फाने शेकले, मांडीचे स्नायू हळूहळू सैल करण्याचे व्यायाम केले की काही आठवड्यांत ते बहुधा शमते, आणि वाढ पूर्ण झाली की नाहीसे होते. उंचवटा तेवढा राहतो. पण दुखणे म्हणजे शरीराने दिलेली सूचना असते. ती गोळीने किंवा इंजेक्शनने दाबून मुलाला पुन्हा मैदानावर उभे करणे म्हणजे विहिरीची मोटार गरम झाली तरी चालूच ठेवण्यासारखे आहे. या मुलीला वडील मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून पंधरा दिवस देत होते. त्याही बऱ्याचदा उपाशीपोटी, सरावाच्या आधी. रिकाम्या पोटी या गोळ्यांनी जठराला इजा होते, आणि घाम जाऊन शरीरातले पाणी कमी झालेले असताना त्या मूत्रपिंडालाही घातक ठरू शकतात. हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

मी तिला सरावाबद्दल विचारले. सकाळी दीड तास, संध्याकाळी एक तास, आठवड्याचे सातही दिवस. म्हणजे साडेसतरा तास. मुलीचे वय बारा. क्रीडावैद्यकातील तज्ज्ञांनी एक सोपा हिशोब सांगितला आहे: मुलाचे वय जितकी वर्षे, त्याहून अधिक तास एका आठवड्यात त्याच्याकडून शिस्तीचा सराव करून घेऊ नये. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली याविषयी सविस्तर सल्ला प्रसिद्ध केला. आठवड्यातून किमान एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी, वर्षातून एकेका महिन्याच्या हप्त्याने मिळून तीन महिने त्या विशिष्ट खेळापासून विश्रांती, आणि बहुतेक खेळांत एकाच खेळाला वाहून घेणे पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबणीवर, असे त्यात म्हटले आहे. विश्रांती म्हणजे अंथरुणात पडून राहणे नव्हे. त्या महिन्यात पोहावे, खो-खो खेळावा, झाडावर चढावे. वेगवेगळे स्नायू वापरले जातात आणि मूलही कंटाळत नाही.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळते: "साहेब, लहानपणापासून घासल्याशिवाय कोणी मोठा होत नाही." हे वाक्य इतक्या आत्मविश्वासाने म्हटले जाते की ऐकणारा गप्प होतो. म्हणून थोडे लांबचे उदाहरण देतो.

युरोपातील बर्फाळ देशांत आपल्या कबड्डी मंडळांसारखे गावोगाव स्कीचे क्लब असतात. पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या डोंगरउतारावरून रोवलेल्या झेंड्यांमधून वळणे घेत खाली यायचे, अशी ती शर्यत. तिकडची मुले चार-पाच वर्षांची असतानाच बर्फावर उभी राहतात. खेळ धोक्याचा, गुडघ्याचा अस्थिबंध तुटणे हे त्या खेळाडूंचे जुने दुखणे. आपल्याकडे गुलमर्गचा आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये या शर्यतींत उतरला होता, भारताचा एकटा खेळाडू म्हणून. तर या बर्फावरच्या खेळांत सर्वांत पुढे कोण? नॉर्वे. साधारण पंचावन्न लाख वस्तीचा देश. २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याने ३९ पदके मिळवली, २०२२ मध्ये ३७, त्यांपैकी १६ सुवर्ण. दोन्ही वेळा जगात सर्वाधिक.

आपल्याला वाटेल, तिथे मुलांना पाळण्यातून उचलून शर्यतीला लावत असतील. प्रत्यक्षात नॉर्वेच्या क्रीडा महासंघाने १९८७ साली मुलांच्या खेळासाठी नियम केले आणि २००७ साली त्यांना मुलांच्या हक्कांचे रूप दिले. मूल अकरा वर्षांचे होण्याच्या वर्षापर्यंत त्याच्या स्पर्धेच्या निकालाचे तक्ते लावायचे नाहीत, क्रमांक जाहीर करायचे नाहीत. बक्षीस द्यायचे तर सर्वांना द्यायचे. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धा तेराव्या वर्षाच्या आधी नाहीत. किती सराव करायचा याबाबत मुलाचे म्हणणे ऐकायचे. नियम मोडणाऱ्या क्लबावर कारवाई होऊ शकते. मुले बर्फावर लवकर जातात हे खरे, पण जातात ती खेळायला.

नॉर्वे श्रीमंत आहे, तिथे बर्फ अंगणात पडतो, प्रशिक्षक शिकलेले आहेत. केवळ या नियमांमुळे पदके येतात असा दावा मी करणार नाही. परंतु लहानपणी क्रमांक न लावल्याने देश मागे पडतो, हे तरी त्यावरून सिद्ध होत नाही. आपल्याकडे मात्र चौदा वर्षांखालील गटाच्या स्पर्धा तालुक्यापासून राज्यापर्यंत चढत जातात, आणि दहा वर्षांच्या मुलाचा फोटो "भावी ऑलिंपिकवीर" म्हणून चौकातल्या फलकावर लागतो. त्या फलकावर मुलाच्या फोटोपेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे असतात, हा भाग निराळा.

नॉर्वे कशाला, शेजारच्या बीड जिल्ह्यातले उदाहरण घ्या. आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे गरीब घरातला. शाळा सहा किलोमीटरवर, त्यामुळे चालत-पळत जाणे आलेच. पण शाळकरी वयात त्याला कोणी ट्रॅकवर घड्याळ लावून पळवले नाही. बारावीनंतर तो सैन्यात गेला, तिथे २०१५ मध्ये, म्हणजे वयाच्या विशीत, स्पर्धात्मक धावणे सुरू केले आणि ज्या स्टीपलचेसमध्ये त्याने नाव कमावले त्या शर्यतीकडे २०१७ मध्ये वळला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. आपल्या परभणीची ज्योती गवते हिने २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक पटकावला, तोही शाळकरी वयात नव्हे. लांब पल्ल्याची ताकद विशीनंतर भरात येते.

उलट उदाहरणही विसरता येत नाही. ओरिसाचा बुधिया सिंग. २ मे २००६ रोजी, मे महिन्याच्या उष्म्यात, चार वर्षांच्या या पोराला पुरीहून भुवनेश्वरपर्यंत पळवले. सुमारे ६५ किलोमीटर, सात तासांत. सारा देश दूरचित्रवाणीवर पाहत होता आणि टाळ्या वाजवत होता. शेवटी तो कोसळला. पुढे सरकारने त्याच्या अशा धावण्यावर बंदी घातली व त्याला क्रीडा वसतिगृहात ठेवले. त्याच्यावर २०१६ मध्ये चित्रपटही निघाला. मोठेपणी तो ऑलिंपिकपर्यंत पोचला नाही.

पालक हे सगळे हौसेखातर करतात असे मात्र मी म्हणणार नाही. त्या मुलीच्या वडिलांकडे कोरडवाहू चार एकर आहे. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. कापसाच्या आणि सोयाबीनच्या भरवशावर मुलीचे भविष्य उभे राहणार नाही हे त्यांनी अनुभवाने जाणले आहे. अशा माणसाला "मुलांना खेळण्याचा आनंद घेऊ द्या" असे व्याख्यान देणे सोपे आहे. म्हणून मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितले, की दोन वर्षांच्या वासराला नांगराला जुंपलं तर चौथ्या वर्षी बैल मिळत नाही. हे त्यांना पटले. निदान ते गप्प झाले.

रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ८.९ भरले. मुलगी पहाटे चहा-बिस्कीट घेऊन पळायला जात होती आणि शाळा सुटल्यावर पुन्हा पळत होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींमध्ये रक्तक्षय आढळला आहे. रक्तातील लोह कमी म्हणजे स्नायूंना प्राणवायू कमी. अशा मुलीची वेळ सुधारत नाही, मग प्रशिक्षक फेऱ्या वाढवतो, ती आणखी थकते. चार महिने लोहाच्या गोळ्या आणि पोटभर जेवण यांनी जे साधेल ते चाळीस फेऱ्यांनी साधणार नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी मुली कंपासपेटीत टाकून ठेवतात. पालकांनी एकदा कंपासपेटी उघडून पहावी. पळणाऱ्या मुलीची मासिक पाळी सुरू होऊन नियमित झालेली असताना सलग तीन महिने आली नाही, तर त्याचा अर्थ बहुधा खाणे कमी आणि श्रम जास्त असा होतो. त्यातून हाडे ठिसूळ होतात. संकोच न करता डॉक्टरांना दाखवावे.

खाण्याविषयी फार बोलत नाही, कारण त्यात अवघड काही नाही. ज्वारीची भाकरी, वरण किंवा उसळ, मूठभर शेंगदाणे आणि गूळ, दूध, चालत असेल तर अंडे. सरावाच्या आधी केळी किंवा गूळ-शेंगदाण्याचा लाडू. दीड-दोन हजारांचा पावडरचा डबा आणण्याची वाढत्या मुलाला गरज नाही. त्या पैशात महिनाभर अंडी-दूध होते आणि वर बूटही येतात.

कबड्डीच्या किशोर गटाचा एक वेगळा प्रकार कानावर येतो. वजनाची मर्यादा ५५ किलो. वजनाच्या आदल्या दिवशी मुलगा ५७ भरला, की त्याचे पाणी तोडतात, जेवण बंद करतात, उन्हात स्वेटर घालून पळवतात. एका रात्रीत दोन किलो उतरतात ते चरबीचे नव्हे, पाण्याचे. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीचे तीन तरुण पहिलवान अशाच खटपटीत महिन्या-सव्वा महिन्यात एकापाठोपाठ दगावले. त्यानंतर तिथले वजनाचे नियम बदलावे लागले. ते वयाने मोठे होते, त्यांच्याभोवती प्रशिक्षकांचा ताफा होता. आपल्या पंधरा वर्षांच्या पोराभोवती कोण असते? मर्यादेत बसत नसेल तर त्याने वरच्या गटात खेळावे किंवा त्या वर्षी बाकावर बसावे.

आता उन्हाचे. एप्रिल-मेमध्ये परभणीचा पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो हे मी सांगायला नको. शिबिरांच्या वेळा मात्र पुष्कळदा सकाळी साडेसात ते दहा आणि संध्याकाळी साडेचारपासून अशा असतात. साडेचारला मैदानाची माती तव्यासारखी असते. हवा जेव्हा अंगापेक्षा गरम असते तेव्हा शरीर उष्णता बाहेर टाकत नाही, उलट आत घेते. घाम हाच एक मार्ग उरतो. मुलांच्या वजनाच्या मानाने त्यांच्या कातडीचा पसारा मोठा, त्यामुळे अशा हवेत ती लवकर तापतात. शिवाय खेळाच्या भरात मूल तहान सांगत नाही आणि सरांनी "फेऱ्या झाल्याशिवाय पाणी नाही" असे बजावलेले असते. ही शिस्त कोणी शोधून काढली कोण जाणे, पण ती आमच्या लहानपणीही होती आणि तेव्हाही चूकच होती. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी मिळालेच पाहिजे. लांब सराव असेल तर ताक, मीठ घातलेले लिंबू सरबत, किंवा एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ. पहिल्या आठवड्यात सराव निम्माच ठेवावा. अंगाला उन्हाची सवय व्हायला आठ-दहा दिवस लागतात.

मैदानावर एखादे मूल असंबद्ध बोलू लागले, तोल जाऊ लागला, अंग भट्टीसारखे लागले तर ती साधी चक्कर समजू नये. तो उष्माघात असू शकतो आणि त्यात मिनिटांना किंमत आहे. सावलीत न्या, कपडे सैल करा, हाताशी असेल ते पाणी अंगभर ओता, वारा घाला, आणि हे चालू ठेवूनच गाडी बोलवा. आधी थंड करणे, मग दवाखाना. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. घाम येत आहे म्हणून उष्माघात नाही असे समजू नका. पळताना झालेल्या उष्माघातात घाम असतोच.

क्लब चालवणाऱ्यांचेही एक म्हणणे आहे आणि ते खोटे नाही. यांतील बहुतेक जण नोकरी सांभाळून, पदरमोड करून मुलांना शिकवतात. एकाने मला सांगितले, "मी सुट्टी दिली की पालक मुलाला दुसऱ्या क्लबात नेतात." शिवाय वय चोरून उतरवलेली मुले चौदाच्या गटात पळतात, खऱ्या तेराची मुलगी सोळाच्या मुलीकडून हरते आणि घरी बोलणी खाते. मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय काढण्याची पद्धत आहे व मोठ्या स्पर्धांत ती वापरतातही. तालुक्याच्या मैदानावर जन्मदाखल्यावरच भिस्त असते. तेव्हा दोष एकट्या प्रशिक्षकाच्या माथी मारता येणार नाही. पण निदान आपल्या जिल्ह्यातल्या क्लबांनी आपसात बसून एवढे तरी ठरवावे: रविवारी सर्वांचेच मैदान बंद, मे महिन्यात सकाळी आठनंतर आणि संध्याकाळी सहाच्या आत सराव नाही, आणि बारा वर्षांखालच्या मुलांच्या वेळा लिहून ठेवायच्या नाहीत. सगळ्यांनी एकदम ठरवले तर कोणाची मुले कोणाकडे पळून जाणार नाहीत. शिबिराला नाव घालणाऱ्या पालकांनीही फी विचारताना सुट्टीचा वार, पाण्याची सोय आणि सावलीची जागा विचारावी. दुखापत झाली तर कोणाला फोन करायचा, हेही.

त्या मुलीचे सांगायचे राहिले. रविवारी ती पळाली नाही. सहा आठवडे तिला फक्त ताणाचे व्यायाम, सायकल आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. मध्यंतरी तिच्या प्रशिक्षकांचा फोन आला. मला वाटले भांडायला केला असेल, पण त्यांनी व्यायाम नीट विचारून घेतले आणि क्लबातल्या आणखी दोघांचे गुडघे दुखतात, त्यांना पाठवू का म्हणाले. संक्रांतीच्या सुमारास मुलगी पुन्हा आली. गुडघा दुखत नव्हता, हिमोग्लोबिन ११.२ होते. वडील बाहेर गाडी लावत होते तेवढ्यात तिने हळूच विचारले, "डॉक्टरकाका, सुट्टीच्या दिवशी लंगडी खेळलं तर चालंल का?"

चालेल म्हणालो.